एक्ससेट चालवूनही स्क्रीन काळी होते तेव्हा

लिनक्सवर स्क्रीन आपोआप काळी होऊ नये म्हणून टर्मिनलमध्ये 'एक्ससेट एस ऑफ' ही कमांड दिली की पुरे, असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. त्याने फक्त एक्स सर्व्हरचा (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा जुना प्रोग्रॅम) स्वतःचा स्क्रीनसेव्हर थांबतो. मॉनिटर झोपवणारं डीपीएमएस (मॉनिटरची वीज वाचवणारी सोय) वेगळं, त्यासाठी 'एक्ससेट -डीपीएमएस' द्यावं लागतं (वजाचं चिन्ह चिकटून, मध्ये जागा नको). मग सध्याच्या सेटिंग दाखवणारं 'एक्ससेट क्यू' चालवा: स्क्रीनसेव्हरचा टाइमआउट 600 सेकंदांचा 0 झालेला हवा आणि खाली डीपीएमएस 'डिसेबल्ड' दिसायला हवं. थोड्या वेळाने तेच पुन्हा 'एनेबल्ड' झालं, तर एक्सएफसीई या डेस्कटॉपवर बहुधा पॉवर मॅनेजर आपली सेटिंग वरून लादतोय. त्याच्याच डिस्प्ले टॅबमध्ये जाऊन ते बंद करा, नाहीतर हा खेळ संपत नाही. लॉगआउट केलं की एक्ससेटचं सगळं पुसलं जातं, म्हणून दोन्ही कमांड ऑटोस्टार्टमध्ये (लॉगिन झाल्यावर आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत) टाका.

आणि वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) असाल तर वरचं सगळं विसरा. एक्ससेट तिथे चालला तरी तो बोलतो एक्सवेलँडशी (वेलँडवर जुने एक्सचे प्रोग्रॅम चालवणारा भाग), त्यामुळे स्क्रीन ठरल्या वेळी काळी होतेच. ग्नोम डेस्कटॉपमध्ये सेटिंग्ज, मग पॉवर, तिथे स्क्रीन ब्लँक बंद करा. झालं.