लडाखच्या पोस्टिंगसाठी खिशातला चाकू: लॉकचा की बिनलॉकचा?

सातारची_ताई
धाकटा भाऊ सैन्यात आहे. सुट्टी संपली की लेहमार्गे वर जाणार, आख्खा हिवाळा तिथेच. त्याला रोज खिशात राहील असा चाकू घेऊन द्यायचाय. कामं साधीच: दोरी, पॅकिंगच्या पट्ट्या, रेशनचे डबे, तार सोलणं, कधी कांदा-बटाटा. "तुटणार नाही असा बघ," एवढंच तो म्हणाला. बजेट चार हजार. ऑनलाइन काळे, दातेरी, 'टॅक्टिकल' लिहिलेले ढीगभर दिसतात. लॉक (उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारा खटका) हवंच का? स्टील कुठलं बघू? युनिट आणि ठिकाण मुद्दाम लिहीत नाही.

पोलादपाणी
ठिकाण लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत, पुढेही लिहू नका.

ताई, खिशातला चाकू कापताना सहसा तुटत नाही, तुटतो उचकटताना. पेटीचं झाकण, खिळा, घट्ट बसलेली कडी यात टोक खुपसून पिळलं की पुढचे 3-4 मिमी जातात. स्टील जितकं कडक, तितकं ते आधी जातं. त्यामुळे उचकटायला वेगळं टोक असलेला चाकू बघा. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा अलॉक्स (खरखरीत ॲल्युमिनियम) मुठीचा पायोनियर या कामाला चांगला: मिटल्यावर 93 मिमी, एक पातं, आरी (भोक पाडायचा टोच्या), डब्याचा ओपनर आणि बाटलीचा ओपनर. बाटलीच्या ओपनरचं टोक म्हणजे रुंद स्क्रू ड्रायव्हर, त्याच्याच मुळाशी तार सोलायची खाच. उचकटायचं ते याच टोकाने. पात्याला त्या कामाला लावायचंच नाही, हे भावाला आवर्जून सांगा.

त्याचं स्टील रॉकवेल (कडकपणाचं माप) 56 च्या आसपासचं, म्हणजे मऊसरच. धार लवकर उतरते, पण पाच मिनिटांत परत येते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडासुद्धा पुरते. एस30व्ही सारखं कडक स्टील धार फार दिवस धरतं, पण ती गेली की डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली धार लावायची पट्टी) लागते, आणि वर ती कुठून आणणार? स्वस्त 'टॅक्टिकल' चाकूंत हल्ली डी2 नावाचं स्टील असतं. त्यात गंज रोखणारं क्रोमियम साधारण 12 टक्के असतं, पण बरंचसं कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळलेल्या कडक कणांत) अडकलेलं. म्हणून दिसायला स्टेनलेस, आणि ओलं राहिलं की गंजाचे ठिपके पडतात. ज्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय, स्टीलचं नाव नाही, तो घेऊच नका.

रानवाटा
वरच्या सगळ्याशी सहमत, पण लडाखच्या हिवाळ्यासाठी पायोनियर नको. त्याचं पातं उघडायला नखाची खाच आहे. जाड हातमोजा घालून ती खाच पकडताच येत नाही, आणि उणे वीसमध्ये दर वेळी हातमोजा काढणं म्हणजे बोटांशी खेळ. शिवाय लॉक नाही. दोरी कापताना दाब धारेवर येतो, पातं उघडंच राहतं. पण टोकाने भोसकून भोक पाडताना पातं मिटतं, ते थेट बोटांवर. थंडीने बोटं बधिर असली की हे हमखास होतं.

एका हाताने उघडणारा, पात्याला मोठं गोल किंवा लांबट भोक असलेला आणि लायनर लॉकचा (मुठीतली पत्र्याची पट्टी पात्यामागे येऊन ते अडवते) घ्या. व्हिक्टोरिनॉक्सच्याच 111 मिमी मालिकेत असे आहेत. स्विस सैन्याने 2008 मध्ये निवडलेला चाकूही याच आकाराचा. वजन पायोनियरच्या दुपटीच्या आसपास जातं, पण ओपनर, आरी, करवत सगळं असतं. मूठ नायलॉनची, अलॉक्ससारखी गार पडत नाही.

लायनर लॉकचा एकच दोष. आतली पत्र्याची पट्टी जिथे पात्याच्या बुडाला टेकते तिथे वाळू किंवा लोकरीचा धागा बसला की ती पूर्ण आत येत नाही. चाकू उघडला की पट्टी पात्याच्या बुडामागे नीट बसली का हे डोळ्याने बघायचं. अर्ध्यावर असेल तर फुंकर मारून, आगपेटीच्या काडीने साफ करायचं.

पोलादपाणी
हातमोज्याचा मुद्दा बरोबर, माझ्याकडून सुटला. ताई, रानवाटा सांगतायत तोच घ्या. बिनलॉकचा आधीच घरात असेल तर निदान मुठीच्या दोन्ही सपाट बाजूंवर जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी लावा, म्हणजे उघड्या बोटांना धातू लागणार नाही. कडेवरून गुंडाळू नका, पाती अडकतील.

लेथवरचा_माणूस
थंडीत चाकू बिघडतो तो बहुतेक तेलामुळे आणि दवामुळे.

खोबरेल लावू नका. ते 24 अंशांच्या खालीच थिजतं. मोहरीचं वाळून चिकट होतं, ग्रीस घट्ट होतं. शिलाई मशिनचं पातळ तेल, प्रत्येक सांध्याला एकच थेंब, दहा वेळा उघड-मीट, मग बाहेर आलेलं सगळं पुसून टाकायचं. जास्त तेल धूळ धरतं.

दव असं: बाहेर गारठलेला चाकू बुखारीच्या (खोली गरम करायच्या शेगडीच्या) उबेत आणला की त्यावर पाणी धरतं. ते सांध्यात उतरतं. माणूस पुन्हा बाहेर गेला की तिथेच गोठतं आणि पातं हलत नाही. आत आल्यावर सगळी पाती उघडून पंधरा-वीस मिनिटं ठेवावीत, कापडाने पुसावीत, मगच मिटावीत. पण बुखारीच्या पत्र्यावर कधीही नाही. पात्याचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलं की धार टिकत नाही, आणि ते पाणी तिथे परत देता येत नाही.

घरीच चाचणी घ्या. तेल घालून चाकू रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा (उणे 18 असतं), सकाळी जाड हातमोजे घालून उघडा. जड गेला तर तेल बदला, हातात बसत नसेल तर चाकू बदला.

सातारची_ताई
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका: अर्धी दातेरी धार असलेला घेऊ की साधी? आणि विमानाने नेताना कायद्याची अडचण?

रानवाटा
साधी. दातेरी धार दोरखंडावर छान चालते, पण ती लावायला बारीक गोल दांडी लागते, आणि दाते बोथट झाले की ती नुसती ओरबाडते. साध्या धारेला दर बाजूला साधारण 20 अंश, दोन्हीकडे सारख्या घासा.

विमानात फक्त चेक-इन सामानात. हातातल्या बॅगेत सापडला की गेलाच. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, हा त्याच्या बराच आत येतो. तरी शहरात पोलिसांचे मनाई आदेश असू शकतात, म्हणून प्रवासात बॅगेच्या तळाशीच राहू द्या. बटण दाबून उघडणारा मात्र घेऊ नका.

लेथवरचा_माणूस
मुठीच्या कडीला अर्धा मीटर पॅराकॉर्ड (बारीक मजबूत नायलॉन दोरी) बांधून दुसरं टोक बेल्टच्या लूपला. हातमोज्यातून निसटलेला चाकू ताज्या बर्फात पडला की सापडत नाही. दोरी भडक नारिंगी घेऊ नका, ऑलिव्ह घ्या. घेताना पात्याच्या बुडावर 'व्हिक्टोरिनॉक्स स्विस मेड' असा ठसा आहे का बघा, नकली बरेच फिरतात. आणि उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. डगडगत असेल तर त्याच दिवशी परत करा.