चुन्याच्या जुन्या भिंतीवर म्युरल, काढू द्यावं का?

चरईचा_मामा:
मंडळी सल्ला हवाय. ठाण्याला चरईत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, चुन्याच्या जाडजूड भिंती. भाचा आर्ट कॉलेजला आहे, त्याला ओसरीच्या भिंतीवर मोठ्ठं म्युरल करायचंय, ॲक्रिलिकमधे. म्हणतो "मामा, भिंत बोलली पाहिजे." आई म्हणते पोपडे काय कमी बोलतायत. मला आयडिया आवडलीय पण जीव धजावत नाहीये.

कळवा_खाडी:
ॲक्रिलिक अजिबात नको! चुन्याची भिंत पावसात ओल घेते आणि नंतर सोडते, वरून तो थर म्हणजे प्लास्टिकची पिशवीच, ओल कोंडते, क्षार फुलतात आणि रंग चुन्याला घेऊनच खाली येतो. आमच्याकडे रंगाऱ्याचं ऐकून ऑइलपेंट मारला, दुसऱ्याच पावसाळ्यात भाकरीसारखा फुगला, बोट लावलं की आत नुसती पांढरी पूड. रंगच हवा तर चुन्यात गेरू नाहीतर पिवडी (पिवळी माती) कालवा.

कोपरीकर:
भिंतीला हात न लावताही होतं की. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममधे २०११ ला जितीश कल्लाटचं परांचीसारखं शिल्प होतं, बांबू वाटायचे पण रेझिनचे ओतलेले, आणि त्यावर व्हीटी स्टेशनच्या दगडातले एकमेकांना गिळणारे प्राणी. त्या नटव्या व्हिक्टोरियन हॉलमधे परांची, म्हणजे डागडुजी अजून संपलीच नाही असं वाटावं! पॅरिसला तर २०२१ मधे आर्क द त्रिओंफ ही विजयकमान अख्खी २५,००० चौरस मीटर कापडात गुंडाळली, १६ दिवस, मग सोडली. भाच्याला म्हणावं मलमलीवर काढ आणि भिंतीपासून वीतभर पुढे टांग.

वाशीवाला७९:
मग गॅलरीतच टांगा ना 😀 आपल्याकडे वारली चित्रं काय कॅनव्हासवर सुरू झाली? शेणा-गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, पुन्हा सारवलं की गेलं. टिकलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

चरईचा_मामा:
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. काही बोलला नाही, कोपऱ्यातला एक पोपडा नखाने उचलला. खाली निळा, त्याखाली गुलाबी. आई म्हणाली गुलाबी तिच्या लग्नातला, निळा माझ्या मुंजीचा. आता म्हणतोय जिथे आजोबांचं कॅलेंडर असायचं तो फिकट चौकोन आहे ना, तेवढ्यातच काढतो, चुन्यात. ठाण्यात चांगली पिवडी कुठे मिळेल हो? स्टेशनजवळच्या दुकानदाराने मला हळद दाखवली.