हार्त्समधले तलाव आणि जुन्या खाणी : आई-बाबांना झेपतील असे सोपे वॉक सुचवा

हानोफरकर
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा येतायत आमच्याकडे जर्मनीत हानोफरला, आणि यावेळी त्यांना शहरं दाखवत फिरवायचं नाही असं ठरवलंय. बाबांचे गुडघे दुखतात, सपाट रस्ता असेल तर दोन-तीन तास आरामात चालतात पण चढ आला की त्रास होतो, आणि उतरताना तर जास्तच. आईला पाणी, झाडी, शांतता एवढं मिळालं की ती खूश. बाबा आयुष्यभर कारखान्यात मशीन मेंटेनन्समध्ये होते त्यामुळे त्यांना काहीतरी 'बघण्यासारखं' लागतं, नुसतं जंगल बघून ते कंटाळतात. कोणीतरी सांगितलं की इथल्या हार्त्सच्या डोंगरात जुन्या खाणींसाठी बांधलेले खूप तलाव आहेत आणि त्यांच्या काठाने चालायच्या वाटा आहेत. ब्रोकनवर, म्हणजे हार्त्सच्या सगळ्यात उंच शिखरावर, चढायचं नाहीये. चार ते सात किलोमीटर, शक्यतो सपाट, आणि मध्ये किंवा शेवटी एखादी खाण बघता येईल असं काही आहे का? सोबत आमची तीन वर्षांची मुलगी पण असेल. गाडी नाही, पण एखाद्या दिवसासाठी भाड्याने घेऊ शकतो.

क्लाउस्टालवाला
अहो अगदी योग्य जागा निवडलीत. मी हार्त्समधल्याच क्लाउस्टालच्या युनिव्हर्सिटीत शिकलो, त्यामुळे हे तलाव म्हणजे आमचं रोजचं अंगण होतं, आणि इतकी सुंदर जागा असून आपले लोक फक्त ब्रोकनची ट्रेन करून परत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी हे सांगतो की तिथे डोंगरात सपाट वाट मिळतेच कशी, कारण तेच कळलं की वॉक निवडणं सोपं होतं. हार्त्समध्ये चांदी, शिसं, तांबं, जस्त काढायचे. खाण जितकी खोल तितकं आत पाणी भरतं, ते उपसायला पंप लागतात, आणि वाफेचं इंजिन यायच्या कितीतरी आधीपासून ते पंप फिरवायला ताकद एकच होती, पाण्याची चाकं. म्हणजे खालचं पाणी वर काढायला वरचं पाणी लागायचं. पाऊस-बर्फ भरपूर पण तो येणार त्याच्या वेळेला, चाकं मात्र वर्षभर फिरायला हवीत, म्हणून तलाव बांधले, आणि लांब लांबच्या दऱ्यांमधलं पाणी आणायला डोंगराच्या कडेने पाट खणले. पाटाला उतार अगदी नावापुरता ठेवायला लागतो, नाहीतर पाणी उंची गमावतं आणि चाकापर्यंत पोचेस्तोवर त्यातली ताकद गेलेली असते. म्हणून पाट डोंगराचं प्रत्येक वळण घेत जवळपास एकाच उंचीवरून जातो. आणि त्याच्या शेजारून पाट सांभाळणाऱ्या माणसांना रोज चालायला जी वाट होती, तीच आज आपली चालायची वाट. म्हणजे तुमच्या बाबांच्या गुडघ्यांची सोय तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलीये 🙂

तर माझ्या मते पहिला नंबर रेबर्गर ग्राबेन. ओडरटाइश नावाच्या तलावापासून सांक्ट आंड्रेआसबेर्ग गावापर्यंत साधारण सात किलोमीटरचा पाट आहे, वाट रुंद, खडीची, एका बाजूला वाहतं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. तलावाकडून गावाकडे चाला म्हणजे पाण्याबरोबरच जाता. वाटेत रेबर्गर ग्राबेनहाउस आहे, पूर्वी पाट सांभाळणाऱ्याचं घर होतं, आता तिथे खायला-प्यायला मिळतं. थोडं अलीकडे एका कड्यापाशी पाटी दिसेल, तिथे जर्मन कवी ग्योटं खडक बघायला आला होता, त्याला भूगर्भशास्त्राचं भयंकर वेड होतं.

आणि पाट जिथे संपतो त्या गावात ग्रुबे सामसोन ही खाण आहे. १५२१ ते १९१० एवढी वर्षं चालली, शाफ्ट, म्हणजे खाणीत सरळ खाली उतरणारी विहीर, ८१० मीटर खोल. बाबांना इथे न्याच. तिथे नऊ मीटर आणि बारा मीटर व्यासाची लाकडी पाणचाकं आहेत आणि मुख्य म्हणजे फारकुन्स्ट आहे. शाफ्टमध्ये शेजारी शेजारी दोन लांबलचक दांडे, त्यांच्यावर ठरावीक अंतरावर पायऱ्या, एक दांडा वर जातो तेव्हा दुसरा खाली, आणि थांबतात त्या क्षणी खाणकामगार या पायरीवरून त्या पायरीवर पाय टाकायचा, असं करत करत वर यायचा. याच्या आधी कामगार शिडीने चढून यायचे, दिवसभर काम करून वर आणखी तासन्‌तास शिडी. ही युक्ती १८३३ मध्ये हार्त्समध्येच निघाली आणि सामसोनमधली १८३७ ची. अजूनही हलते. रेबर्गर ग्राबेनच्या पाण्यावर गावात आजही वीज तयार होते, शाफ्टच्या आत खोलवर छोटी जलविद्युत केंद्रं आहेत.

सगळे सात किलोमीटर नको असतील तर गावातूनच ग्राबेनहाउसपर्यंत जाऊन परत या. वाट तीच, आणि परतीच्या बसची काळजी नाही.

पाटबंधारेकाका
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुलगा ब्राउनश्वाइगला असतो म्हणून तिकडे येणं होतं. वरच्या भाऊंनी पाटाचं उत्तम सांगितलंय, मी भिंतींबद्दल थोडं लिहितो, कारण आपण लोक काठावर उभं राहून फोटो काढतो आणि ज्या भिंतीवर उभे असतो तिच्याकडे बघतच नाही.

हे सगळे मातीचे बंधारे. माती पाणी धरत नाही, झिरपते, हे तुम्हाला माहीतच असेल, आपल्याकडे काळ्या मातीचा गाभा घालतात. त्या लोकांनी काय वापरलं तर गवताचे मुळांसकट कापलेले चौकोनी थर, ते एकावर एक ठेवून ठोकून बसवायचे. जुन्या पद्धतीत हा थर पाण्याच्या बाजूला असायचा, पण मग दुरुस्ती करायची तर तलाव रिकामा करावा लागे. साधारण १७१५ नंतर तो थर भिंतीच्या मध्यभागी घालायला लागले. पाणी सोडायला तळाशी लाकडी नळी, आणि तिच्या तोंडावर बसणारा लाकडी दट्ट्या, त्याला श्ट्रिगेल म्हणतात. भिंतीवर जी छोटी लाकडी खोपटी दिसते ना, लोकांना वाटतं ती होडीची किंवा मासेमारीची, तिच्यात या दट्ट्याची यंत्रणा असते. बाबांना ती नक्की दाखवा, त्यांना आवडेल. बाजूला दगडी सांडवा पण बघा.

ओडरटाइश मात्र वेगळा. १७१५ ते १७२२ मध्ये बांधला, त्याच्या भिंतीत गवताऐवजी ग्रॅनाइटची भरड वाळू आणि बाहेरून मोठाले ग्रॅनाइटचे दगड आहेत. सुमारे १७ लाख घनमीटर पाणी. आपल्या धरणांच्या मानाने लहान वाटेल, पण १९व्या शतकाच्या शेवटापर्यंत अख्ख्या जर्मनीतलं सगळ्यात मोठं धरण हेच होतं, आणि हे काम सगळं माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर. मी त्या भिंतीवर उभा राहिलो तेव्हा मनापासून हात जोडले.

पाणी तपकिरी दिसेल, ते घाण नाही, वरच्या दलदलीतून येतं म्हणून तो रंग. तलावाभोवती फेरी मारता येते, चारेक किलोमीटर, पण तिथे झाडांची मुळं, दगड, कुठे लाकडी फळ्यांची वाट, ओल असली की निसरडं. गुडघे दुखत असतील तर पूर्ण फेरी टाळा, भिंतीवरून चालून या आणि मग पाटाच्या वाटेला लागा.

गोस्लारची_मीनल
ताई की दादा माहीत नाही, पण गाडी न घेता करायचं असेल तर माझं ऐका 😊 हानोफरहून थेट गोस्लारला ट्रेन आहे, डॉइचलांडटिकिटवर (देशभर चालणारा महिन्याचा पास) होते. गोस्लारच्या गावालाच लागून रामेल्सबेर्ग खाण आहे, हजार वर्षांपेक्षा जास्त चालली आणि १९८८ ला बंद झाली. गोस्लारचं जुनं शहर आणि ही खाण १९९२ पासून जागतिक वारशात आहे, आणि तलाव-पाटांची सगळी व्यवस्था २०१० मध्ये त्यालाच जोडली.

खाणीपासून वर थोडं चाललं की हेर्त्सबेर्गर टाइश येतो, हा पण खाणीची चाकं फिरवायलाच बांधलेला तलाव. सात किलोमीटर वगैरे नाही, छोटाच वॉक, थोडा चढ आहे पण सावकाश गेलं तर काही नाही. आई-बाबांचा पहिला दिवस असेल, प्रवासाचा शीण असेल तर हेच बरं.

एक महत्त्वाचं. रामेल्सबेर्गमध्ये वेगवेगळ्या टूर असतात. र्‍योडर-श्टोलेनची टूर सगळ्यात सुंदर, जमिनीखालची प्रचंड पाणचाकं बघायला मिळतात, पण तिथे पायऱ्या आहेत आणि जागा अरुंद. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना खाणीच्या छोट्या ट्रेनची टूर बरी. आणि आत उन्हाळ्यातही १२ अंशच असतं, आपले आई-बाबा जूनमध्ये पातळ कपड्यात येतात आणि अर्ध्या तासात काकडतात, म्हणून स्वेटर आणि आईंना पायमोजे-बूट हे नक्की. चपला नकोतच.

हानोफरकर
बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार सगळ्यांचे. काका, श्ट्रिगेलचं वाचून बाबांना आत्ताच फोन केला, ते म्हणाले तिकीट अलीकडचं करता येतंय का बघ 😄

दोन शंका. मुलीची बाबागाडी कुठे चालेल? आणि क्लाउस्टालच्या आसपास पण काही सोपं आहे का, कारण एक मित्र तिथे राहतो, त्याच्याकडे रात्री थांबायचा विचार आहे. तलावात पोहता येतं का तेही सांगा.

क्लाउस्टालवाला
बाबागाडी रेबर्गर ग्राबेनला चालते, फक्त मोठ्या चाकांची असू द्या. आणि पाटाला कठडा नसतो बऱ्याच ठिकाणी, दरीच्या बाजूलाही नाही, त्यामुळे मुलगी चालायला उतरली की हात धरूनच.

क्लाउस्टालला राहणार असाल तर काय, घरातून निघालं की तलाव. गावाच्या पूर्वेला फाउएनटाइशं आहेत, वरचा, मधला, खालचा असे तीन, एकाचं पाणी दुसऱ्यात. संध्याकाळच्या फेरीला मस्त, आईंना नक्की आवडेल. दक्षिणेला बुंटेनबॉक गावाभोवती तर तलावांची रांगच आहे, नकाशा उघडून बघा, निळे ठिपकेच ठिपके. चढउतार किरकोळ. आणि पाटाचीच वाट हवी असेल तर डामग्राबेन, क्लाउस्टाल आणि आल्टेनाउच्या मध्ये. तिथे श्पेर्बरहायर डाम आहे, १७३२ ते १७३४ मध्ये बांधलेला साधारण ९४० मीटर लांबीचा मातीचा बांध, मधला खोलगट भाग ओलांडून पाट पलीकडे न्यायला. त्याच्यावरून पाण्याच्या शेजारून चालत जायचं, एकदम सपाट.

खाणवाल्या जागांमध्ये त्सेलरफेल्डचं खाण म्युझियम, हे १८९२ चं आहे, आणि क्लाउस्टालच्या बाजूला ओटिलिए शाफ्टच्या तोंडावरचा १८७६ चा लोखंडी मनोरा, जर्मनीतला टिकून राहिलेला सगळ्यात जुना. बाबांना सांगा की तारेचा दोर, म्हणजे आज लिफ्टला, क्रेनला जो लागतो तो, १८३४ मध्ये क्लाउस्टालच्या खाणीत पहिल्यांदा वापरला गेला. आल्बेर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्याने तो बनवला, आधीचे तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या सारख्या तुटायच्या म्हणून. मेंटेनन्सवाल्या माणसाला याची किंमत पटकन कळेल.

पोहणं : काही तलावांत चालतं, काही पिण्याच्या पाण्याचे आहेत तिथे सक्त मनाई. काठावरची पाटी वाचा, पाटी नसेल तर विचारा. सांडव्याजवळ आणि त्या लाकडी खोपटीजवळ अजिबात जायचं नाही. आणि पाणी जूनमध्येही चांगलंच गार असतं.

वाटा शोधायला 'वासरवांडरवेगं' नावाच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, निळ्या पाट्या. शिवाय जागोजागी लाकडी, देवदाराच्या आकाराच्या पाट्या दिसतील, त्यांना डेनर्ट-टानेन म्हणतात, प्रत्येकीवर त्या जागेचा खाणीचा इतिहास. जर्मन वाचता येत असेल तर थांबून वाचत जा.

रानवाटा
थोडं सावधगिरीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. २०१८ च्या दुष्काळापासून हार्त्समधली स्प्रूसची झाडं सालकिड्यामुळे मोठ्या प्रमाणावर मेलीयेत. काही वाटांवर दोन्ही बाजूंना नुसते उभे वाळलेले खांब. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, आईंना आधी सांगून ठेवा. खाली नवीन रोपं, बर्च वगैरे जोमात येतायत ते पण दाखवा. पण जोराचा वारा असेल त्या दिवशी अशा वाटेवर जाऊ नका, मेलेली झाडं सरळ कोसळतात. वाट बंदची पट्टी दिसली तर पलीकडे लोक जाताना दिसले तरी आपण जायचं नाही. झाडं गेल्यामुळे सावली पण कमी झालीये, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

दुसरं, खाणींजवळ जुने मातीचे ढिगारे असतात, त्यांच्यावर झाडं उगवत नाहीत, फक्त ठरावीक छोटी फुलं येतात. सुंदर दिसतं ते, पण त्या मातीत शिसं असतं. मुलीला तिथे माती खेळायला देऊ नका, आणि खाण्याआधी हात धुवाच. उघडं दिसणारं कुठलंही जुनं भुयाराचं तोंड असलं तरी आत डोकावायचं नाही, आत जायचं ते फक्त टूरबरोबर.

हानोफरकर
हे खूप कामाचं, शिशाचं तर डोक्यातच आलं नसतं. मग असं ठरवतोय : पहिल्या आठवड्यात ट्रेनने गोस्लार, रामेल्सबेर्गची ट्रेनवाली टूर आणि जमलं तर हेर्त्सबेर्गर टाइश. नंतर गाडी घेऊन दोन दिवस, एक दिवस ओडरटाइशची भिंत आणि रेबर्गर ग्राबेन, रात्री क्लाउस्टाल, दुसऱ्या दिवशी डामग्राबेन आणि संध्याकाळी फाउएनटाइशं. ठीक वाटतंय का?

पाटबंधारेकाका
उत्तम. फक्त ओडरटाइशच्या दिवशी क्रम उलटा करा. सामसोनची टूर ठरलेल्या वेळांनाच असते, त्यामुळे आधी गावात जाऊन सकाळची टूर करा, फारकुन्स्ट बघा, मग ग्राबेनहाउसपर्यंत चालत जाऊन तिथे जेवा आणि परत गावात या, आणि शेवटी गाडीने ओडरटाइशला. आधी चाक बघितलं की नंतर पाटातलं पाणी बघताना बाबा तुम्हालाच समजावून सांगतील. ग्राबेनहाउस कोणत्या दिवशी बंद असतं ते निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर डबा बरोबर असू द्या.