शब्दचर्चा : ‘सेफ्टी’त सुरक्षित कोण? आणि ‘इम्पिटस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मुलीकडे न्यू जर्सीला आलो की रविवारी घरात अमेरिकन फुटबॉल लागतो. मैदानाच्या दोन्ही टोकांचे दहा-दहा यार्डांचे पट्टे म्हणजे एन्ड झोन, इथवर समजलं. पण आपल्याच पट्ट्यात खेळाडू चेंडू घेऊन पडला, तर कधी ‘सेफ्टी’ म्हणून समोरच्यांना २ गुण आणि कधी ‘टचबॅक’ म्हणून काहीच शिक्षा नाही. हे विचारतात, “सेफ्टी म्हणजे सुरक्षित ना? मग गुण का गेले?” समालोचक सारखं ‘इम्पिटस’ म्हणतो, त्यालाही मराठी शब्द हवाय.

उत्तर

ताई, यजमानांची शंका रास्त आहे. १९व्या शतकात हा खेळ रग्बीतून घडत होता, तेव्हा कोंडीत सापडलेला संघ आपल्याच गोलरेषेमागे (जिथून एन्ड झोन सुरू होतो ती रेषा) चेंडू जमिनीला टेकवून सुटका करून घ्यायचा. ती ‘सेफ्टी टचडाऊन’, म्हणजे टेकवणाऱ्याची सुरक्षितता. पुढे या पळवाटेवर गुणांचा दंड बसला, पण नाव तेच राहिलं. म्हणून ‘सुरक्षा’ असं भाषांतर करू नका, ‘सेफ्टी’च म्हणा. बचावफळीतल्या एका जागेलाही सेफ्टीच म्हणतात, तेवढं ध्यानात ठेवा.

‘टचडाऊन’चंही तसंच. आता चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही. ताब्यातल्या चेंडूचं टोक गोलरेषेच्या प्रतलाला भिडलं की सहा गुण. मी मुद्दाम भूमितीच्या पुस्तकातला ‘प्रतल’ वापरतो. कबड्डीमुळे आपली नजर रेषेवरच्या पावलाकडे जाते, पण इथे रेषेवर एक अदृश्य भिंत उभी आहे असं समजायचं. रेषा स्वतः एन्ड झोनमध्येच मोजतात, त्यामुळे ‘रेषा ओलांडली’ हेही चूक, ‘रेषेला भिडला’ म्हणायला हवं.

आणखी एक उत्तर

‘इम्पिटस’साठी ‘संवेग’ सुचवतात, मला तो पटत नाही. पंच वेग मोजत नसतो. चेंडू त्या पट्ट्यात गेला तो कुणामुळे, एवढंच तो ठरवतो. शाळांच्या नियमपुस्तकात याच कल्पनेला ‘फोर्स’ म्हणतात. माझ्या मते मराठी शब्द ‘रेटा’. रेटा नेहमी कुणाचा तरी असतो.

समजा, समोरच्यांनी पंट मारला, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने लांब उडवला. चेंडू आपल्या खेळाडूच्या हाताला लागून निसटला, गडगडत आपल्या एन्ड झोनमध्ये गेला आणि आपणच त्यावर झेप घेतली. रेटा किक मारणाऱ्याचा, म्हणून टचबॅक. पण त्याच खेळाडूने गोलरेषेपासून तीन यार्डांवर चेंडू नीट झेलला, वाट शोधत स्वतःच मागे पट्ट्यात शिरला आणि तिथे पकडला गेला, तर रेटा त्याचा आणि सेफ्टी. वर सेफ्टी देणाऱ्या संघालाच आपल्या २० यार्डांवरून किक मारून चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो.

२०१४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरच्या पहिल्याच चालीत स्नॅप, म्हणजे चाल सुरू करताना पायांमधून मागे दिलेला चेंडू, त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या बाजूने मागे निघून गेला. त्यांच्याच नॉशॉन मोरेनोने एन्ड झोनमध्ये चेंडू दाबला. समोरच्यांनी बोटही लावलं नव्हतं, पण रेटा डेन्व्हरचा. १२ सेकंदांत सिएटलचे २ गुण.

प्रश्नकर्ती

‘रेटा’ लगेच पटला! पण दुसऱ्या टोकाचं काय? टचडाऊनसाठी झेपावताना चेंडू हातातून सुटला आणि एन्ड झोनमधून बाहेर गेला की थेट समोरच्यांना देतात.

पहिलं उत्तर देणारा

शब्द तोच, बाजू उलटी. समोरच्यांच्या पट्ट्यात चेंडू तुमच्या रेट्याने गेला आणि तिथून बाहेर पडला, तर त्यांना टचबॅक, चेंडू त्यांच्या २० यार्डांवर. डिसेंबर २०१७मध्ये ओकलंडचा डेरेक कार एन्ड झोनच्या कोपऱ्यातल्या नारिंगी पायलॉनकडे (खुणेच्या खुंटाकडे) झेपावला, चेंडू सुटून तिथूनच बाहेर गेला आणि डॅलस २०-१७ जिंकलं. मला हा नियम फार कठोर वाटतो. तोच चेंडू रेषेच्या अलीकडे बाहेर गेला असता, तर ओकलंडकडेच राहिला असता.

आणि ‘मोमेंटम’ला रेटा म्हणू नका, तिथे ‘झोक’ बरा. बचावपटूने आपल्या दोन यार्डांवर पास अडवून झेलला आणि पळण्याच्या झोकात मागच्या पट्ट्यात जाऊन पडला, तर सेफ्टी नाही, चेंडू दोन यार्डांवरच. चेंडूला रेटा, माणसाला झोक.

प्रश्नकर्ती

वहीत लिहून घेतलं. टचबॅकला मात्र शब्द सुचेना, तो आहे तसाच ठेवते.