ईव्हमध्ये लुटलं ते ठीक, पण घरचा डबा खाऊन?

कारशेड_कुर्ला (धागाकर्ता)

पंधरा दिवस मनात ठेवलं, आता लिहितोच.

गेम ईव्ह ऑनलाइन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं २००३ साली आणलेला अवकाशातला गेम. चीन सोडून जगभरचे सगळे एकाच सर्व्हरवर. जहाज फुटलं की गेलं, नवं आपल्या पैशानं घ्या. आणि थापा मारणं, हेर पेरणं, स्वतःच्याच कॉर्पची (म्हणजे खेळाडूंच्या टोळीची) तिजोरी साफ करणं हे सगळं नियमात बसतं. तक्रार करा, कंपनी नम्रपणे हात वर करते.

आम्ही कुर्ला ते कल्याण पट्ट्यातले अकरा जण. चार वर्षं छोटी कॉर्प चालवत होतो. खाणकाम, थोडी मालवाहतूक, शनिवारी रात्री मारामारी. एका मंगळवारी घरून काम होतं म्हणून दुपारी साडेचारच्या डाउनटाइमनंतर (तेव्हा रोज सर्व्हर थोडा वेळ बंद असतो) सहज लॉगिन केलं, तर हँगर, म्हणजे कॉर्पचं गोदाम, रिकामा, वॉलेट रिकामं. मागे राहिलं होतं फक्त एक शटल, म्हणजे चिमुकलं जहाज, कोणीतरी कधीकाळी गंमत म्हणून 'कर्जत लोकल' नाव दिलेलं. खऱ्या रुपयांत किती गेले ते मी मोजलं नाही. बायकोनं मोजलं.

ज्यानं केलं त्याचं नाव घेणार नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर दादरला मिसळ खायचो. जूनमध्ये त्याच्या वडिलांना परळला ॲडमिट केलं होतं. नऊ दिवस. त्यातले चार दिवस डबा माझ्या घरून गेला, चार कप्प्यांचा, वरच्या कप्प्यात त्याच्या वडिलांसाठी मऊ भात. रात्री हा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा. म्हणाला, "मी जागाच असतो, मला डायरेक्टर करा, रात्रीचं मी बघतो." केलं.

चोरीला गेमची परवानगी आहे, मान्य. पण माझ्या घरच्या डब्याला हात लावायची परवानगी गेमनं कुठून दिली? बोला.

नलसेक_नाना

कारशेडभाऊ, दुःख समजतं, तक्रार समजत नाही.

२००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीनं एका कॉर्पमध्ये आपली माणसं पेरली. ती जवळजवळ वर्षभर तिथं राबली, वर चढली, आणि एका दिवशी ठरल्या वेळी सीईओला उडवून हँगर धुऊन नेले. ते वाचून लोकांनी गेम सोडला नाही, उलट ते वाचूनच लोक आले. मीही त्यातलाच. २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या वेळची सगळ्यात दांडगी आघाडी, म्हणजे अनेक कॉर्पची युती, फुटली ती लढाईत नाही. त्यांचाच एक डायरेक्टर शत्रूला जाऊन मिळाला आणि आघाडी बरखास्त करण्याचं बटण दाबलं गेलं. संपलं.

डायरेक्टर रोल म्हणजे घराची किल्ली नाही, घराचं खरेदीखत आहे. कॉर्प हँगरला सात कप्पे असतात, प्रत्येकाचे हक्क वेगळे देता येतात. रात्रीची राखण करायला एका कप्प्याचा हक्क पुरला असता. तुम्ही अख्खं कपाट दिलंत, आणि आता डब्याचं सांगताय.

दुसऱ्या काही गेममध्ये गिल्डची, म्हणजे तिथल्या टोळीची, बँक लुटली की कस्टमर केअर माल परत आणून देतं. तिथं दोस्ती फुकट असते, कारण ती मोडून काही हाती लागत नाही. इथं कोणी तुमच्या पाठीशी चार वर्षं उभा राहिला तर त्याला काही किंमत आहे, कारण तो रोज पळून जाऊ शकत होता.

कारशेड_कुर्ला

नाना, सात कप्प्यांचं बरोबर आहे, ती चूक माझीच. पण त्या टोळीतल्या लोकांनी सीईओच्या बापाचं आजारपण वापरलं नव्हतं.

नलसेक_नाना

त्यानंही तुमच्या बापाचं वापरलं नाही. स्वतःच्याच बापाचं वापरलं. 😐

खडूस_शिवाजीपार्क

मुंबईकरांनी खेळभावनेवर गळे काढावेत म्हणजे कमाल आहे. आपल्या क्रिकेटला 'खडूस' म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबर १९४७, सिडनी. विनू मंकडनं बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं, कारण तो चेंडू हातातून सुटायच्या आत पुढे सरकत होता. समोरचा कप्तान ब्रॅडमन, त्यानंसुद्धा मंकडची बाजू घेतली. तरी पुढची सत्तरेक वर्षं त्या माणसाचं आडनाव शिवीसारखं वापरलं गेलं. २०२२ मध्ये एमसीसीनं तो प्रकार गैरखेळाच्या कलमातून उचलून साध्या धावबादच्या कलमात ठेवला. नियमात खेळणाऱ्याला बदमाश ठरवायची खोड जुनी आहे, एवढंच म्हणतो.

विरार_स्लो

खडूसराव, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकडनं ब्राउनला आधी बजावलं, मग बाद केलं. म्हणजे सिडनीला ब्राउनला पक्कं ठाऊक होतं की हा गडी सोडणार नाही. आमच्या गड्यानं काय बजावलं? "काकूंना सांग भात मस्त होता."

(मी त्याच कॉर्पमधला. हो, माझंही गेलं. दोन वर्षं साठवून घेतलेलं फ्रेटर, म्हणजे मोठं मालवाहू जहाज.)

ठाकुरद्वारची

मला गेममधलं शून्य कळतं, मुलगा खेळतो म्हणून वाचत होते. पण हे आमच्या चाळीतल्या भिशीसारखं वाटलं. भिशीलाही कागद नाही, सही नाही. एकीनं नंबर लागला तसे पैसे उचलले आणि पुढचे हप्ते भरायचे बंद केले. पोलिसात कोण जाणार? कोणी गेलं नाही. फक्त त्या वर्षी तिच्या हळदीकुंकवाला कोणी गेलं नाही. ताटात तिळगूळ तसाच. मी जिन्यावरून बघितलं होतं. आता वाटतं, एकीनं तरी जायला हवं होतं.

नलसेक_नाना

काकू, तुमच्या भिशीत सगळ्या जणी परत द्यायचं ठरवून बसल्या होत्या. ईव्हमध्ये तसं कोणी ठरवलेलंच नाही. गेममध्ये जीता नावाचा बाजार आहे, तिथं चॅटमध्ये दिवसभर लोक ओरडत असतात, "पैसे पाठवा, दुप्पट करून देतो." पहिल्यांदा खरंच दुप्पट देतात. दुसऱ्यांदा मोठी रक्कम गेली की गप्प. ज्याला हे पटत नाही त्यानं पत्ते खेळावेत. अर्थात मेंढीकोटमध्येही खुणा चालतात.

माइक_बंद

चोरीवरून एवढा धुरळा बघून हसू येतंय.

मी सहा वर्षं खेळते. पहिल्याच महिन्यात फ्लीटमध्ये (एकत्र लढणाऱ्या जहाजांच्या ताफ्यात) माइक चालू करून "डावीकडे दोन" एवढंच म्हटलं. चॅनल एकदम शांत. मग एकजण: "अरे, बाई आहे." पुढचे तीन महिने इनबॉक्समध्ये काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून टाइप करते. लढाईत टाइप करणं म्हणजे चालत्या लोकलमध्ये सुईत दोरा ओवणं. माझी जहाजं किती फुटली ते आठवत नाही, ते तीन महिने आठवतात.

म्हणून माझ्यासाठी रेघ सोपी आहे. जहाज फोडा, माल न्या, मी 'गुड फाइट' लिहीन. माणसाला हात लावू नका. कंपनीही फिरून फिरून तिथंच आली. २०१२ मध्ये खेळाडूंच्या निवडून आलेल्या मंडळाचा अध्यक्षच रेक्याविकच्या मेळाव्यात स्टेजवरून एका खचलेल्या, जीव देण्याचं बोलणाऱ्या खेळाडूला त्रास द्या म्हणाला. नंतर माफी मागितली, पण तीस दिवसांची बंदी बसली आणि पद गेलं. २०१४ मध्ये काही जण लुटलेल्या खेळाडूला व्हॉइस चॅटवर तासन्‌तास गायला लावून त्याचं रेकॉर्डिंग नेटवर टाकत होते. त्यावर कंपनीनं सांगितलं की असला छळ गेमबाहेरच्या चॅनलवर झाला तरी कारवाई होईल.

आणि २०१७. सर्कल ऑफ टू या आघाडीची मालमत्ता तिच्याच राजदूतानं पळवली. प्रमुखानं चॅटमध्ये त्याला खऱ्या आयुष्यातली धमकी दिली. कंपनीनं बाहेर कोणाला काढलं? प्रमुखाला. चोर खेळत राहिला.

धागाकर्त्यानं इथं न लिहिलेली एक गोष्ट. मी त्यांच्या डिस्कॉर्डवर पाहुणी म्हणून असते. त्या बुधवारी रात्री तुमच्यातल्या एकानं त्या मुलाच्या सोसायटीचं नाव, विंग आणि मजला टाकला. खाली दुसरा म्हणाला, "शनिवारी जाऊ या, समजावून सांगू." त्यावर चार हसणारे इमोजी. घरी वडील आजारातून उठलेले. डब्याचं बोलताय म्हणून विचारते, हे कुठल्या नियमात बसतं?

कारशेड_कुर्ला

खरं आहे. तो पत्ता मी अर्ध्या तासात डिलीट केला.

माइक_बंद

अर्धा तास.

कारशेड_कुर्ला

हो, अर्धा तास. मी जागा होतो आणि बघत होतो. पहिली वीस मिनिटं बरं वाटत होतं. लिहिताना लाज वाटते, पण विचारलंत म्हणून सांगतो.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. गेम आणि बाहेरचं जग यांच्यात भिंत आहे असं तुम्ही सगळे म्हणता. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातल्या बेनगाझीला अमेरिकी परराष्ट्र खात्याचा शॉन स्मिथ मारला गेला. ईव्हमध्ये तो 'व्हाइल रॅट', गूनस्वॉर्म या आघाडीचा वाटाघाटी करणारा माणूस. नल-सेकमधल्या, म्हणजे गेममधल्या बिनकायद्याच्या मुलखातल्या, कितीतरी स्थानकांना खेळाडूंनी त्याचं नाव दिलं, त्यात त्याचे शत्रूही होते. हे कुठल्या नियमात होतं? बाहेरचं दुःख आत आलेलं चालतं, मग बाहेरचा विश्वास आत वापरून घेतला तर तो हिशेब आतच मिटवायचा, असं कसं?

नलसेक_नाना

दुसऱ्या दिवशी तेच शत्रू पुन्हा लढले. शोक केला म्हणून कोणी कोणाला टायटन, गेममधलं सगळ्यात मोठं जहाज, बक्षीस दिलं नाही.

पण माइकताईंचं मी वाचलं. आमच्या आघाडीतही असे पत्ते फिरलेत, मी तेव्हा काही बोललो नव्हतो. निर्दय खेळ मला आवडतो. निर्दय माणसं आवडतात असं नाही. ही दोन वेगळी आहेत असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो, आणि दर दोन वर्षांनी कोणीतरी मला खोटं पाडतं.

खडूस_शिवाजीपार्क

नाना मवाळ झाले. धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

विरार_स्लो

कारशेड, आता तू एवढं कबूल केलंस तर आपलंही सांग ना. गेल्या दिवाळीत तो नवीन फ्रेंच पोरगा. तू आणि मी. "आमच्या कॉर्पमध्ये ये, तुझा सगळा माल आम्ही फुकट वाहून आणतो." माल आणला, पोराला कॉर्पमधून काढलं. आणि फराळ करता करता व्हॉइसवर हसलो. तो शेवटी एवढंच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही चांगले लोक आहात." आपल्या आवाजातल्या गप्पांवर विश्वास ठेवला होता त्यानं. आपल्याकडे त्याचा डबा नव्हता, एवढाच फरक.

कारशेड_कुर्ला

ते इथं आणायची गरज नव्हती.

विरार_स्लो

होती.

कारशेड_कुर्ला

बरं. त्याचं कॅरेक्टर अजून असेल तर माल परत पाठवतो. म्हणजे पाठवला असता, आता माझ्याकडे फक्त 'कर्जत लोकल' आहे.

ठाकुरद्वारची

पण मला कोणी सांगेल का, त्या मुलाचे वडील आता कसे आहेत?

विरार_स्लो

बरे आहेत काकू. चालतात-फिरतात.

आता हे पण सांगूनच टाकतो. काल संध्याकाळी दादरच्या पुलावर तो मला भेटला. त्यानंच मेसेज केला होता. बोलणं फार झालं नाही, गर्दीत लोक धक्के मारत होते. "मालाचं सोड, तो गेम आहे," म्हणाला. मी म्हटलं, ते नानांना सांग. मग पिशवीतून कारशेडचा डबा काढून दिला. चार कप्पे, घासून लख्ख. वजन लागलं म्हणून गाडीत उघडून पाहिला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून त्याच्या आईनं वरच्या कप्प्यात नारळाच्या वड्या घातल्यात. बहुतेक त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

डबा माझ्याकडे आहे. वड्या खायच्या की नाही ते धागाकर्त्यानं ठरवावं.

कारशेड_कुर्ला

किती आहेत?

विरार_स्लो

अकरा. मोजून.

नलसेक_नाना

आधी कार्गो स्कॅन करा.