खालच्या डिव्हिजनमधली गर्दी

फुटबॉलमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलेल्या क्लबचे चाहते नुसते दिवस काढतात, हे मत मला अजिबात पटत नाही. इंग्लंडमधला आमचा संडरलंड क्लब बघा. 2017 आणि 2018, लागोपाठ दोनदा घसरण, थेट तिसऱ्या पातळीवर. तरी 26 डिसेंबर 2018 ला ब्रॅडफर्डविरुद्ध घरच्या मैदानावर 46,039 माणसं! त्याच महिन्यात अ‍ॅक्रिंग्टनच्या चिमुकल्या मैदानावर पावसाने तळं साचलं, 1-1 वर सामना सोडून द्यावा लागला. अशा ठिकाणी खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात, बूट चिखलात रुतल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. शिवाय आपली टीम वरचेवर जिंकते, हे सुख बऱ्याच वर्षांनी मिळालेलं. मे 2022 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या अंतिम सामन्यात विकमला 2-0 हरवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.