जुलैत दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानात ट्रेक आणि पोहणं: बेत तपासून द्याल का?

निवांत_भटक्या
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मार्सेत मुक्काम आहे, गाडी नाही. आम्ही दोघं आणि १२ वर्षांची मुलगी. तिघांनाही पोहता येतं, सह्याद्रीत चालायची सवय आहे. डोक्यात दोन पर्याय आहेत:

अ) पहिल्या दिवशी लुमिनीहून सुजितों खाडी. दुसऱ्या दिवशी कासी गावाहून पोर-मियू, पोर-पँ आणि आँ-व्हो या खाड्या, त्याच वाटेने परत.
ब) किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या कालेलाँगहून कासीपर्यंत सलग चाल, मध्ये एक रात्र तंबूत.

कोणता बरा? आगाऊ काय बुक करावं लागतं? तिथलं पाणी जुलैतसुद्धा गार असतं असं कानावर आलंय, ते खरं का?

कातळखूण
ब आत्ताच खोडून टाका. उद्यानात तंबूच काय, उघड्यावर पथारी टाकून झोपायलाही बंदी आहे. कालेलाँग ते कासी साधारण २८ किमी, ११-१२ तासांची चाल. सलग चढउतार, सावली नाही, वाटेत पाणी नाही. जुलैत एका दिवसात तो घाट मुलीला घेऊन घालू नये.

अ पर्यायात सुजितोंसाठी आरक्षण लागतं. फुकट आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये रोज सक्तीचं, आणि दिवसाला फक्त ४०० माणसं. ही पद्धत २०२२ पासूनची. त्याआधी गर्दीच्या दिवशी अडीच हजारांपर्यंत लोक त्या चिमुकल्या खाडीत उतरायचे. पायांनी माती सुटून पाइनची मुळं उघडी पडली होती. आरक्षण उद्यानाच्या संकेतस्थळावर तीन दिवस आधी उघडतं, तेव्हा विमानाच्या तिकिटासारखं महिनाभर आधी उरकता येत नाही. सुटीचे वार टाळा. मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज जाते. कोड नसेल तर ६८ युरो दंड.

जायला रों-प्वाँ द्यु प्राडो मेट्रोहून बी१ बस, शेवटचा थांबा लुमिनी. विद्यापीठाच्या मागून रुंद जंगलवाट खिंडीपर्यंत जाते, तिथून खाली. पाण्यापर्यंत तासभर धरा. परतीचा चढ दुपारच्या उन्हात अंगावर येतो, त्याला दीड तास ठेवा.

आरक्षण हातात असलं तरी वाट उघडी असेलच असं नाही. १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार डोंगराला रोज नवा रंग मिळतो. लाल रंग लागला की डोंगरात पाय टाकायचा नाही. दुसऱ्या दिवसाचा रंग आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, ‘मे कालांक’ या अ‍ॅपवर दिसतो. सिगारेट आणि स्टोव्ह तर कुठल्याच ऋतूत चालत नाही.

खारा_वारा
पाण्याबद्दल ऐकलंत ते खरं, आणि त्याचं कारण वरच्या लाल रंगाशी बांधलेलं आहे.

मिस्त्राल हा वायव्येकडचा कोरडा वारा. तो सुटला की झाडोरा वाळून कोळ होतो आणि वणव्याचा धोका चढतो. हा किनारा दक्षिणेला तोंड करून आहे, त्यामुळे तोच वारा वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटतो आणि त्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. २३-२४ अंशांचं पाणी एक-दोन दिवसांत १५-१६ वर उतरू शकतं, तेही भर जुलैत. गंमत म्हणजे त्या दिवशी आकाश निळंशार आणि खाडी तळ्यासारखी शांत दिसते, कारण वारा कड्यांच्या मागून येतो. नवखा माणूस फसतो तो इथेच: उडी मारतो, श्वास अडकतो, दहा मिनिटांत हातपाय जड होतात.

म्हणून तापमानापेक्षा वाऱ्याचा अंदाज बघा. मिस्त्राल ओसरल्यावर दोन-तीन दिवस सोडले तर पाणी पुन्हा कोमट होत जातं. मुलीसाठी पातळ, अर्ध्या बाह्यांचा वेटसूट घ्या.

पोर-मियू वेगळीच. तिथे जमिनीखालची नदी थेट खाडीत उतरते, त्यामुळे पाणी मचूळ आणि कायम थंड. वर ती लांबलचक खाडी बोटींनी गच्च भरलेली. तिथे पोहायचा विचार सोडा.

जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी नको. चिकटलेले तंतू जुन्या बँक कार्डाच्या कडेने खरवडा. खडकांवर काळे समुद्री साळिंदर असतात, पाण्यातही रबरी बूट पायात हवेत.

घाटवाट
आँ-व्होबद्दल लिहितो, कारण सह्याद्रीची सवय तिथे थोडी दगा देते. आपल्या बेसॉल्टवर कोरड्या दिवसांत बूट धरतो. इथला चुनखडक मुळात खरखरीत, पण लाखो पावलांनी घासून वाटेपुरता काचेसारखा गुळगुळीत झालाय, आणि कोरडा असतानाच घसरतो.

पोर-पँपर्यंत काहीच नाही: कासीच्या बंदरातून पोर-मियूचा वाहनतळ अर्धा तास, पुढे पोर-पँ आणखी अर्धा-पाऊण तास. तिथून लाल-पांढऱ्या खुणांनी पठारावर चढायचं आणि मग आँ-व्होची उतरण. ती घळीतून आहे, काही ठिकाणी हात लावून, खडकाकडे तोंड करून उतरावं लागतं. दोर लागत नाही. मोठ्यांपैकी एकाने मुलीच्या खाली राहावं, बरोबरीने नाही, आणि दोन्ही हात मोकळे हवेत: फोन, टॉवेल, पाण्याची बाटली सगळं सॅकमध्ये. वर चढणाऱ्यांना आधी वाट द्या, अरुंद जागी कोंडी होते. सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट आणि चपला घालून आलेले लोक तिथे बसत बसत उतरताना दिसतील.

उतरण बघून नको वाटलं तर पठारावरच्या टोकावरून आँ-व्होचे कडे बघा आणि मागे फिरून पोर-पँला पोहा. माझ्या मते १२ वर्षांच्या मुलीसाठी पोर-पँच जास्त मजेची: पाणी हळूहळू खोल होतं, मागे पाइनची सावली. आँ-व्हो फोटोत भारी दिसते, पण दहानंतर तिथे टॉवेल अंथरायला जागा नसते.

मार्सेहून कासीला बसने या. रेल्वे स्टेशन गावापासून तीन किमीच्या वर आहे.

निवांत_भटक्या
ब रद्द. आणखी दोन गोष्टी: पाणी किती न्यायचं, आणि नेमका आमच्या दिवशी लाल रंग आला तर काय?

कातळखूण
अर्ध्या दिवसाला माणशी २ लिटर, आँ-व्होच्या दिवशी ३. चुनखडकात पाणी टिकत नाही, सगळं खाली झिरपतं. आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखी सोय कुठेच नाही. सकाळी सातला वाटेवर असलात तर परतीचं ऊन चुकतं. मदतीसाठी ११२, समुद्रातल्या संकटासाठी १९६.

खारा_वारा
लाल दिवशी कासी गावातल्या पुळणींवर पोहता येतं. बेस्तुआनलाही जमिनीखालचं गार पाणी येतं, मुलीसाठी ग्राँद-मेर बरी. कासीच्या बंदरातून खाड्या दाखवणाऱ्या बोटी सुटतात, पण किनाऱ्यावर उतरवत नाहीत.

दुसरा पर्याय फ्रिऊल बेटं. ती याच उद्यानाचा भाग, बोट मार्सेच्या जुन्या बंदरातून. मात्र मिस्त्राल जोरात असेल तर फेऱ्या रद्द होतात, तिकिटाआधी चौकशी करा. आणि बोटी कुठूनच सुटत नाहीत असा वारा असेल, तर पाणीही त्या दिवशी पोहण्याजोगं नसतं. मार्सेतच कॉस्केर या आदिमानवाच्या चित्रगुहेची प्रतिकृती २०२२ मध्ये उघडली आहे, तिथे जा. मूळ गुहेचं तोंड मोर्जिऊ भूशिराजवळ समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. आत घोडे आणि पेंग्विनसारखे ऑक पक्षी रंगवलेले आहेत, ती चित्रं काढली तेव्हा समुद्र शंभरेक मीटर खाली होता.